निर्णय घेणारी व्यक्ती

सुनंदाताईंचं नाव मी सांगितलं. मला कोणी मारलं नव्हतं. फक्त विचारलं, आणि मी सांगून टाकलं. वर एक खोटंही जोडलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी ठाण्यात सर्वे करणाऱ्या एका एजन्सीत कामाला होतो. कारखान्यांत जायचं आणि कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर घ्यायचा निर्णय तिथे जो घेतो, त्याला प्रश्न विचारायचे. कोणतं घेतलं, का घेतलं, माणसं ते वापरतात का. फॉर्मवर लिहिलेलं असायचं, 'निर्णय घेणारी व्यक्ती'. त्या व्यक्तीचं व्हिजिटिंग कार्ड फॉर्मला टाचायचं. कार्ड नसेल तर फॉर्म बाद.

कोलशेतचा तो कारखाना माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या कोळीवाड्यातले काही जण तिथे माल उतरवायला होते. मालकांनी मला दोन तास बाहेर उभं ठेवलं. आत बोलावलं तेव्हा दोन पाहुणे चहा पीत बसले होते. एक खुर्ची रिकामी होती. बस म्हणाले नाहीत. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बोटाने फिरवून आडनाव वाचलं.

"खाडीवरचा ना तू? मग जाळं सोडून सॉफ्टवेअर काय विचारत फिरतोस?"

पाहुणे हसले. मीही हसलो. लिहितानाही लाज वाटते, पण हसलो.

"फॉर्मबिर्म भरायला मला वेळ नाही. कार्ड हवंय ना?" त्यांनी कार्ड टेबलावरून ढकललं. ते खाली पडलं. "उचल."

उचललं. वाकून.

केबिनला लागूनच स्टोअर होतं. तिथे सुनंदाताई बसायच्या. चाळिशीच्या, कळव्याहून येणाऱ्या. आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद आणि माल उतरवणाऱ्यांची हजेरी त्यांच्याकडे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ये रे, बस. पाणी पी आधी," त्या म्हणाल्या. "त्यांना काय विचारतोस? त्यांनी तो कॉम्प्युटरचा डबा कधी चालू पण केलेला नाही. मला विचार."

मी विचारलं. "अर्धा माल आज आला, अर्धा परवा, तर हे सॉफ्टवेअर नोंदच घेत नाही. म्हणतं, सगळा माल दाखव. आता आमच्याकडे सगळा माल एकदम कधी येतो? मग मी वहीत लिहिते आणि शनिवारी बसून सगळं परत आत टाकते. साहेब पाहुण्यांना कॉम्प्युटरचा पडदा दाखवतात."

"घेताना तुम्हाला विचारलं होतं?"

"मला? खोकी आली तेव्हा कळलं मला." आणि खळखळून हसल्या.

त्या नोकरीतला माझा पहिला खरा फॉर्म तो. त्याला मी मालकांचं कार्ड टाचलं. आम्ही सगळेच तसं करायचो. कार्ड साहेबाचं, उत्तरं जो भेटेल त्याची. एजन्सीत याला कोणी खोटेपणा म्हणत नव्हतं. पण काही फॉर्म तपासायला तिथूनच फोन जायचे, उत्तरं बरोबर आहेत ना म्हणून. या फॉर्मसाठी गेला. तुमच्याकडे सॉफ्टवेअर नीट चालत नाही असं तुम्ही म्हणालात, बरोबर का? मालकांना.

दुसऱ्या दिवशी मला आणि माझ्या सुपरवायझरला बोलावणं आलं. स्टोअरमध्ये सगळ्यांना उभं केलं होतं. वीसेक माणसं.

"कोणी सांगितलं तुला?" मालकांनी विचारलं.

सुपरवायझर हळूच म्हणाला, "बोल, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." पुढच्या महिन्यात मला कायम करणार होते.

"स्टोअरच्या बाईंनी," मी म्हणालो. तिथे थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. "त्यांनीच बोलावून घेतलं. मी काही विचारलं नव्हतं. कंपनीबद्दल वाईट बोलत होत्या."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या बाजूने उभी राहिलेली ती एकच बाई. मी तिला त्याच माणसाच्या पायाशी नेऊन टाकलं, ज्याने मला वाकवलं होतं.

त्यांना पॅकिंगला घातलं. दिवसभर उभ्याने काम. कंपनीची बदनामी करणारी म्हणून जेवायला कोणी शेजारी बसेना. मी कायम झालो.

दीड वर्ष गेलं. एकदा माझा चुलतभाऊ, तिथेच माल उतरवणारा, म्हणाला, "ती बाई आमची हजेरी कधी चुकवायची नाही. आता खाली मान घालून जाते येते. तू मात्र साहेब झालास."

मालक जसे माझ्याशी वागले तसाच मी तिच्याशी वागलो होतो, आणि मला तर तिने पाणी दिलं होतं.

रविवारी कळव्याला गेलो. ताईंनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत.

"माफी मागायला आलोय, ताई."

"इथे? इथे कोणाला ऐकू जाणार?" त्या शांतपणे म्हणाल्या. "जिथे बोललास तिथे जाऊन बोल. वीस माणसं होती."

दार लागलं.

कारखान्यात जाऊन बोललो हे एजन्सीत कळलं तर नोकरी जाणार, हे मला माहीत होतं. पुढे गेलीही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत चुलतभावाबरोबर कारखान्यात शिरलो आणि पॅकिंगच्या शेडमध्ये उभा राहिलो. माणसं डबे उघडून बसली होती. ताई एका कोपऱ्यात, एकट्या. कोणीतरी मालकांना कळवलं.

"कोणाला विचारून आत आलास?" मालक दारातूनच म्हणाले.

"कोणालाच नाही."

"आधी माझी माफी माग. माझं कार्ड लावून खोटी उत्तरं लिहिलीस तू."

सगळ्यांचं जेवण थांबलं होतं. मी मालकांकडे पाठ केली.

"सुनंदाताई, मी त्या दिवशी या सगळ्यांसमोर खोटं बोललो. तुम्ही मला बोलावून कोणाची बदनामी केली नाहीत. मी विचारलं, तुम्ही खरं ते सांगितलंत. नोकरी वाचवायला मी तुमचं नाव दिलं. तुम्ही माफ करावं म्हणून नाही सांगत. इथल्या प्रत्येकाला कळावं म्हणून सांगतोय. मी तुमची माफी मागतो." मग मालकांकडे वळलो. "साहेब, तुमची नाही मागणार."