मैदान आम्हीच आखलं

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बाबांच्या कारखान्यातल्या चोवीस जणांनी मिळून सोसायटी काढली आणि मुलुंडला प्लॉट घेतला. सगळे कोकणातले, सगळे विक्रोळीला कंपनीच्या खोल्यांत राहणारे. नोकरी संपली की खोली सोडायची, हा कंपनीचा नियम. बाबांना रिटायर व्हायला पाचेक वर्षं होती. गावच्या घरात दोन काकांचेच संसार कसेबसे मावत होते. मुलुंडचं घर झालं नाही तर आईबाबांनी जायचं कुठे, हा विषय आमच्याकडे रोज जेवताना निघायचा.

बांधकामाची परवानगी येईपर्यंत मोकळा प्लॉट सांभाळायचा कसा? कोणी झोपड्या टाकल्या की लागली वाट. बाबा सेक्रेटरी. त्यांनी डोकं चालवलं, "कबड्डी खेळवूया. दर रविवारी." झालं! कबड्डी म्हटल्यावर आमच्या लोकांना कशाची शुद्ध राहते? दगड वेचले, तांबडी माती पसरली, फक्कीने पांढऱ्या रेषा आखल्या. पुढे स्पर्धा भरायला लागल्या, दारात 'क्रीडांगण' असा बोर्डही चढला. तो मीच रंगवला, माझं अक्षर चांगलं म्हणून. काय ती हौस!

मग उपनगरांचा नवा आराखडा आला. मोजणीवाले मधे येऊन गेले होते. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहून नेलं, त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या प्लॉटवर आरक्षण पडलं, खेळाच्या मैदानाचं. घरं बांधायला बंदी. बाबा नकाशापुढे उभे राहून नुसतं "अरे देवा, अरे देवा" करत राहिले.

पुढची तीन वर्षं मी अर्ज टाइप केले. 'सदर मैदान हे मैदान नसून आम्हा कामगारांच्या घरांची जागा आहे' हे वाक्य इतक्यांदा टाइप केलं, की आधी हसू यायचं, मग तेही येईनासं झालं. साहेब दौऱ्यावर आहेत. फाइल वर गेलीय. फाइल खाली आलीय. सोमवारी या. बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून जायचे आणि परत येऊन भिंतीला टेकून बसायचे. आई विचारायची, "काय झालं?" ते म्हणायचे, "होईल." वीट आला होता मला सगळ्याचा, आणि त्या एका शब्दाचा तर फारच.

शेवटी झालं. आमच्यासाठी नियम शिथिल केला, असं पत्र आलं. अर्धी जागा मैदानाला सोडा, उरलेल्या अर्ध्यावर एक मजला जादा चढवा. आम्ही पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर कोणीतरी नकाशा नीट बघितला. घरं अठराच बसत होती. सहा सभासदांना बाहेर पडावं लागणार होतं.

चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, नाव निघेल त्याला घर. त्या रविवारी आईने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि दुपारभर ती दाराशीच बसून होती. बाबा मीटिंगहून लवकर परतले.

"निघालं आपलं नाव?"

"टाकलंच नाही," बाबा म्हणाले. "मैदानाची अक्कल माझी. आपलं नाव निघालं असतं आणि दुसऱ्या कोणाचं राहिलं असतं, तर लोकांना काय तोंड दाखवलं असतं?"

मी भडकले. "आम्हाला विचारायचं तरी होतंत! मोठे हरिश्चंद्र लागून गेलात!" मला त्यांची कीवही येत होती आणि रागही आवरत नव्हता. खोली सोडायला सहा महिने उरले होते.

आईने मला गप्प केलं. मग ती बाबांकडे वळली.

"लोकांची लाज वाटली ना तुम्हाला," ती म्हणाली. "माझी नाही वाटली?"