पाहुण्यांसाठी साक्ष

आमच्या चर्चमध्ये पाहुणे आले की दोन गोष्टी ठरलेल्या असत. पाळकसाहेबांच्या घरी मटण आणि उपासनेत वॉचमनची साक्ष. मटणाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

साक्ष म्हणजे प्रभूने आपल्याला कशातून वाचवलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. आम्हा ख्रिस्ती लोकांत ही रीत जुनी आहे, चांगलीही आहे. पण आम्ही बाकीचे एकदा साक्ष देऊन मोकळे व्हायचो. हा बिचारा मात्र दर पाहुण्यासमोर नव्याने पापी ठरायचा.

नव्वदच्या दशकात आम्ही काही जणी दर शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडबाहेर झोपणाऱ्या लोकांना खिचडी वाटायचो. मी शाळेत शिकवायची आणि तोंडाची फटकळ, म्हणून रांग सांभाळणं माझ्याकडे. तिथेच हा सापडला. दारूने पार खंगलेला, पायाची जखम चिघळलेली. पाळकसाहेबांनी त्याला स्वतः रिक्षात घातलं, आपल्या हाताने जखम धुतली. माझा त्यांच्यावर कितीही राग असला तरी खरं ते खरं. पुढे त्याची दारू सुटली, बाप्तिस्मा झाला, चर्चच्या फाटकावर वॉचमनची नोकरी मिळाली. शनिवारच्या खिचडीचे कांदे तोच चिरू लागला.

त्याची साक्ष आम्हाला पाठ होती. तो सायखेड्याचा. धाकट्या पोराला ताप चढला म्हणून सायकलवर बसवून दवाखान्यात निघाला आणि वाटेत गुत्त्यावर थांबला. एकच घोट म्हणून बसला तो बसलाच. पोरगा बाहेर ओट्यावर पडून होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पोराला माती दिली आणि त्याने घर सोडलं. हे ऐकून पाहुणे डोळे पुसायचे, कुणी हालेलुया म्हणायचं. त्या दिवशी त्याला जेवण जात नसे, ते मात्र कुणी पाहत नव्हतं.

मग एकदा, तो इथे असल्याचं कानावर गेल्यावर, गावाहून त्याच्या बायकोचा निरोप आला. ती थोरल्या मुलीला घेऊन रविवारी उपासनेला येणार होती. मुलीला पटलं तर त्याला घरी न्यायचं, असं तिच्या मनात होतं. मी तडक पाळकसाहेबांकडे गेले आणि या रविवारी साक्ष नको म्हणून सांगितलं.

"ताई, एवढं मला कळत नाही का?" ते म्हणाले.

नाहीच कळलं. ऐनवेळी मुंबईचे पाहुणे आले. मुलगी बायकांच्या बाजूला आईशेजारी बसली होती, सतरा-अठराची असेल. कडक इस्त्रीच्या शर्टातल्या बापाकडे चोरून बघत होती, एकदा तर हसलीही. आणि पाळकसाहेबांनी त्याला पुढे बोलावलं. मी उठायला लागले तर शेजारणीने माझा पदर ओढून खाली बसवलं. त्याने लेकीकडे पाहिलं, पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्या माणसाला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तो बोलायला लागला आणि सगळं बोलला.

गुत्त्यापाशी गोष्ट आली तशी मुलगी उठून बाहेर गेली. तिच्यामागे आई, आईमागे मी. मुलगी फाटकाबाहेर पाठ फिरवून उभी होती.

"बाई, मला समदं ठाऊक व्हतं," त्याची बायको मला म्हणाली. "पोरीला नव्हतं. भाऊ तापानं गेला, एवढंच सांगितलं व्हतं मी तिला. तुमच्यात माफ केल्यावर बी असं सांगत ऱ्हावं लागतं का?"

त्या दोघी रिक्षात बसून निघून गेल्या.

मी पाळकसाहेबांना भरपूर सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "सत्य झाकून समेट होत नसतो, ताई." बरोबर आहे. पण ते सत्य बापाने लेकीला घरी बसून सांगायचं असतं, मुंबईच्या पाहुण्यांना नव्हे. हे त्यांना मी किती वेळा सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी तो नेहमीसारखा कांदे चिरायला आला. मी म्हटलं, "सोडा ही नोकरी. त्यांचं तोंडही पाहू नका."

"त्यांच्यावर राग कसा धरू, बाई?" तो म्हणाला. "मला उचललं तवा माझ्या अंगाला वास मारत व्हता. लोक नाक धरून जायचे."

त्याने नोकरी सोडली नाही. पण पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर नाव पुकारलं तेव्हा तो जागेवरून उठला नाही. "नाय साहेब," म्हणाला. "आता लेकीनं इचारलं तर तिलाच सांगंन."

चर्चमध्ये कुजबूज झाली. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आपला हा भाऊ विश्वासात मागे पडला आहे, त्याला क्षमा मिळावी म्हणून प्रार्थना करू या. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शेवटच्या बाकावर त्यानेही हात जोडले. ज्याचं जुळत आलेलं घर आम्ही मोडलं होतं, त्याच्यासाठीच आम्ही देवाकडे क्षमा मागत होतो. मुलगी त्या दिवशीही आली नव्हती, नंतरही कधी आली नाही.

प्रार्थना संपली तेव्हा आमेन सगळ्यांच्या आधी त्यानेच म्हटलं. मला ते म्हणवलं नाही.