दवाखान्यातली खारी टाकी

सांगवीच्या हिंदुरावांचा निम्मा जन्म मिठाशी भांडण्यात गेला. त्यांच्या दोन एकरांत उन्हाळ्यात पांढरं फुटायचं आणि ऊस गुडघाभर होऊन पिवळा पडायचा. जिप्सम टाकून, जमिनीखालून छिद्रांचे पाइप घालून त्यांनी तो क्षार बारा वर्षांत ओढ्याला काढून दिला. त्यामुळे लेकीनं फोनवर, "आबा, खाऱ्या पाण्याची टाकी बदलायचीय, या," म्हटल्यावर त्यांनी पान्यांची पिशवी उचलली आणि इंदापूरची एसटी धरली. खारं पाणी गोडं करायचं असणार, असंच त्यांनी धरलं होतं.

तिथं लेकीचा, रेश्माचा, दातांचा दवाखाना. बाहेरच्या बाकड्यासमोर काचेची टाकी, तिच्यात समुद्रातले दोन केशरी मासे आणि एक लाल कोळंबी. मासे बघत बसलं की पेशंटची भीती कमी होते, असं तिचं म्हणणं. आता दुप्पट मोठी टाकी आली होती. रविवार, दवाखाना बंद. नव्या टाकीत स्वच्छ पाणी भरून झालं आणि रेश्मा त्यात मीठ ओतायला लागली.

"अगं, मीठ घालतीस व्हय?"

"समुद्राचं मीठ हाय आबा. गोड्या पाण्यात मरतील ते."

"आन् माझा ऊस मिठानं मरत हुता, ते?"

"ऊस समुद्रात येतो का?"

हिंदुरावांनी मिठाची पिशवी आपल्याकडं घेतली. रेश्मा एक नळी डोळ्याला लावून खारटपणा मोजायची आणि म्हणायची, "कमी हाय, अजून टाका." ते मूठभर टाकत आणि तिच्याकडं बघत. जुनं पाणी तिनं फेकू दिलं नाही, बादल्यांत भरून घेतलं. जुन्या टाकीतले दगड त्याच पाण्यात बुडवून ठेवायला लावले.

"सुकू देऊ नका, आबा. जिवंत हायेत."

"दगुड?"

"दगडावरचं सगळं."

हिंदुरावांनी एक दगड उलटापालटा करून बघितला आणि घाईनं परत बुडवला. दुपारपर्यंत दगड, मासे, कोळंबी, सगळं नव्या टाकीत गेलं. रेश्मा वर स्वयंपाकाला गेली.

ते एकटे टाकीपुढं बसले होते, तेव्हा वाळूवर कोळंबी आडवी पडलेली दिसली. हात घालून काढली. वजनच नाही. शेवटच्या चार मुठी आपल्याच हातानं पडल्या, हे त्यांना आठवलं. त्यांनी ती रुमालात गुंडाळली आणि वर जाऊन ताटावर बसले.

"रेश्मे," शेवटी त्यांनी रुमाल पुढं केला, "माझ्या हातनं मीठ जास्त पडलं. मेली ही."

रेश्मानं बघितलं आणि हसली. "मेली न्हाय. कात टाकलीय तिनं. ती दगडामागं लपली असंल."

"सापाची कात बघितलीय मी. ती नुसती पिशवी. हिला पाय हायेत, मिशा हायेत, डोळं हायेत. सगळी कोळंबी हितं हाय, मग तितं कोण हाय?"

"तीच."

हिंदुराव खाली गेले, बॅटरी मारून दगडामागं बघितलं. काही दिसलं नाही. सोमवारची एसटी त्यांनी सोडली. टाकीच्या पाइपाचा जोड जरा गळतोय, असं सांगितलं. जोड गळत नव्हता.

मंगळवारी सकाळी पेशंट बसले असताना ते काच पुसायला टाकीत हात घालून उभे होते. दगडाच्या कपारीतून लांब पांढऱ्या मिशा बाहेर आल्या. मागून कोळंबी आली, आधीपेक्षा थोडी मोठीच. सरळ त्यांच्या अंगठ्यावर चढली आणि भेगाळलेल्या नखाच्या कडेनं चिमट्यांनी काहीतरी टिपायला लागली. हिंदुराव खांबासारखे उभे.

"चावतीय का हो?" बाकड्यावरच्या गाल सुजलेल्या माणसानं विचारलं.

"न्हाय."

"मग काय करतीय?"

"तेच कळंना," हिंदुराव हळूच म्हणाले. "हात काढू का ठिवू?"

"ठिवा की," तो माणूस उठून जवळ आला. आतून रेश्मानं त्याला हाक मारली, पण तो गेला नाही.