गेटपासची वही

खरं म्हणजे हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं. तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी मला तशी ताकीद दिली होती. पण कमी बोलणाऱ्या माणसाचं एक असतं. गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवावी, तशा लोक त्याच्यापाशी गोष्टी ठेवून जातात. आमच्या बिल्डिंगमधल्या अशा बऱ्याच किल्ल्या माझ्याकडे जमल्या आहेत. आता त्यांचा आवाज व्हायला लागलाय, म्हणून तुम्हाला सांगते.

गेटपास म्हणजे आमची मांजर. पप्पा चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहेत. तिथल्या स्टोअरमध्ये एका खोक्यात ती सापडली आणि पप्पांच्या सॅकमधून पिंपळे गुरवला आमच्या घरी आली. आईनं विचारलं, "सिक्युरिटीनं बॅग बघितली नाही?" पप्पा म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदाच गेटपासशिवाय माल बाहेर काढला!" तेच नाव पडलं.

यंदा खाजवून खाजवून तिच्या मानेवरचे केस गेले, रक्त यायला लागलं. निगडीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "फूड ॲलर्जी वाटतेय. आठ आठवडे एकाच मांसाचं वेट फूड द्या, तेही हिनं आधी कधी न खाल्लेलं. बाकी एक कणसुद्धा नाही. चुकून काही पोटात गेलंच, तर वहीत लिहा. नाहीतर मला खरं काय ते कळणार नाही, आणि हिला कायमच्या गोळ्या लागतील."

माझं अक्षर चांगलं, म्हणून वही माझ्याकडे आली.

* * *

वेट फूड निवडायला पप्पा आणि मी गेलो. भिंतभर पाऊच टांगलेले. समोर मोठ्या अक्षरांत 'टूना', मागे मुंगीएवढ्या अक्षरांत टूना आणि चिकन. समोर 'लॅम्ब', मागे परत चिकन! पप्पांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि कंपनीत आलेला माल तपासावा तसे पाऊच तपासायला सुरुवात केली. अकरा रिजेक्ट झाले. दुकानदार आधी हसत होता, मग स्टुलावर बसला.

"साहेब, मांजराला खायला घालायचंय ना? का रॉकेटला बसवायचंय?"

बारावा पास झाला. त्यात फक्त बदक होतं. आई म्हणाली, "आपल्या सात पिढ्यांत कुणी बदक खाल्लं नाही, आणि ही खोक्यातली बया खाणार!"

* * *

बयेनं ते हुंगलं आणि वर माती लोटल्यासारखा फरशीवर पंजा ओढला. तीन दिवस हेच. डॉक्टर म्हणाल्या, "जरा कोमट करा, वास सुटला की खाईल." आईनं तर आधीच जाहीर केलं होतं, "ते पाकीट माझ्या ओट्यावर येणार नाही."

चौथ्या दिवशी सकाळी उठून बघते, तर ओट्यावर गरम पाण्याच्या पातेल्यात पाऊच! पप्पांचा फर्स्ट शिफ्टचा डबा तसाच उघडा, आणि आई बोट लावून बघतेय, फार गरम तर नाही ना.

"हसू नकोस," ती म्हणाली. "तुझी बाटलीसुद्धा मी इतकी बघितली नव्हती."

गेटपासनं वाटी चाटून पुसून ठेवली. दोन आठवड्यांत मानेवर बारीक लव दिसायला लागली. त्या दिवशी वहीत मी लाल पेनानं फूल काढलं. ते काढायला नको होतं.

* * *

तळमजल्यावरचे आजोबा भोसरीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. सकाळी ते पायरीवर चहा पितात आणि गेटपास त्यांच्यासमोर बसते.

"पोरी, बिस्किट दिलं मी तिला. चहात बुडवून. समोरचं उपाशी बघतंय आन् आमी खातोय, आमाला न्हाई जमत."

"आजोबा, पण डॉक्टर..."

"एवढुसंच गं. तू काय कुणाला बोलणारी न्हाईस, म्हणून सांगितलं."

मी पेनचं टोपण काढलं. मग परत लावलं.

* * *

पप्पांचं मी स्वतः पाहिलं. दुपारी चारला शिफ्टवरून आले होते, ताटात ऑम्लेट होतं, आणि एक तुकडा टेबलाखाली गेला. आमची नजरानजर झाली. अकरा पाऊच रिजेक्ट करणारा माणूस घसा खाकरून म्हणाला, "डेव्हिएशन आहे. मान्य. पण मायनर आहे. रेकॉर्डवर घेऊ नको."

* * *

आणि आई! "बघ ना कशी वाळलीय," म्हणत तिनं बशीत साय घातलेलं दूध ओतलं. मी वहीकडे हात नेला तर तीच चिडली.

"त्यात काय लिहायचंय? दूध म्हणजे काय खाणं असतं का? उपासालासुद्धा चालतं!"

मी हात मागे घेतला. मला तेच चांगलं जमतं.

* * *

समोरच्या दारात शबाना चाची राहतात. त्यांची आणि आमची दारं दिवसभर उघडी असायची. त्यांच्याकडे रविवारी मटण शिजलं की गेटपास उंबऱ्यावर बसून रडायची. चाची तिच्याकडे पाठ करून कांदा चिरायच्या आणि म्हणायच्या, "नको बघू माझ्याकडे, राणी. डॉक्टरनं मना केलंय." एकदा तर त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी म्हटलं, "कांदा झोंबला का?" तर म्हणाल्या, "कांदा कापून कधीच झाला, बेटा."

सहाव्या आठवड्यात गेटपासची मान परत लाल झाली. डॉक्टरांनी वही चाळली. "बदक, बदक, बदक. वही तर एकदम स्वच्छ आहे! मग बदकही चालत नाही म्हणायचं. की बाहेर कुठे खाते?"

पप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. आई म्हणाली, "शेजारी मटण-मासळी असते. दार उघडंच असतं त्यांचं."

मी माझ्या बुटांकडे बघत होते. नाडी सुटली नव्हती, तरी वाकून बांधली.

"पुढच्या शनिवारी गोळ्या सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमचं दार बंद झालं. चाचींचं एक ताट आमच्याकडे राहिलं होतं. ताट रिकामं परत करायचं नसतं, आणि भरून द्यायला आई तयार नव्हती.

* * *

आता शेवटचं. शुक्रवारी मी शाळेतून आले, तर चाची जिन्यात बसल्या होत्या.

"उद्यापासून गोळ्या म्हणे? वहीत काही सापडलं नाही म्हणून?"

मी मान हलवली.

"मग लिही ना. काय काय खाल्लंय ते सगळं."

"कुणी दिलं ते विचारतील, चाची."

"माझं नाव घाल. तसंही माझंच घेतात."

तिथेच पायरीवर बसून मी लिहिलं. बिस्किट, ऑम्लेट, दूध. वर त्यांचं नाव, अगदी चांगल्या अक्षरात. मला हे सगळं कसं माहीत, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

शनिवारी डॉक्टर म्हणाल्या, "अहो, मग बदकाचा काय दोष! पुन्हा पहिल्यापासून आठ आठवडे." गोळ्या टळल्या. आईनं ते पान वाचलं. "बघा, शेवटी कबूल केलंच," ती म्हणाली, पण हळू. पप्पांनी बराच वेळ चष्मा पुसला. संध्याकाळपासून घरात बशी दिसली नाही, टेबलाखाली तुकडा गेला नाही, आणि आजोबांपर्यंत ही बातमी कशी पोचली कुणास ठाऊक, ते चहा घरात बसून प्यायला लागले. आमचं दार मात्र अजून बंदच आहे.

आठ आठवडे काल पूर्ण झाले. मघाशी जिन्यात चाची भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. त्यांनी एवढंच विचारलं, "केस आले का गं मानेवर?"

मी मान हलवली. चांगले दाट आलेत. आणि खरं तर तेव्हाच मला म्हणायचं होतं की चाची, मी आज आईला सगळं सां...

हो आई, आले!