दोन्ही पेपरांतले सारखे प्रश्न

माझा मोठा भाऊ अंधेरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. दहावीच्या खास तुकडीसाठी तिथे निवड चाचणी होते. सकाळच्या मुलांना एक पेपर, दुपारच्यांना दुसरा. दोन्ही पेपरांत दादा काही प्रश्न मुद्दाम तेच ठेवायचा. त्या प्रश्नांत दोन्हीकडची मुलं सारखी ठरली आणि बाकीच्यांत दुपारची मागे पडली, तर दुपारचा पेपर कठीण होता, मुलं कच्ची नाहीत, असं धरून तो गुण जुळवून घ्यायचा. जेवताना मला हे समजावायचा. मी मराठीची शिक्षिका; मान डोलवायचे.

शेवटचे पेपर त्याने अंथरुणावर पडून काढले. तो गेल्यावर त्याच्या सहकाऱ्याने ते छपाईआधी वाचले. तेच प्रश्न दोन्हीकडे आलेले पाहून त्याला वाटलं, आजारपणात सरांकडून चूक झाली. सरांना कोणी नावं ठेवू नयेत म्हणून त्याने दुपारच्या पेपरातले ते प्रश्न काढून नवे घातले आणि कोणाला सांगितलंही नाही. ते प्रश्न कशासाठी होते याचा उलगडा झाला तेव्हा निवडीची यादी लागून गेली होती. आमच्या घरी येऊन तो खाली मान घालून बसला. त्याला काय बोलणार? मायेपोटीच केलं होतं.

दुपारच्या तुकडीतलं एकही मूल यादीत नव्हतं.

त्याच आठवड्यात वर्सोव्याची एक मुलगी आली. सकाळी आईबरोबर मासळी निवडायला बसते, म्हणून दुपारची तुकडी. दादा तिच्याबद्दल कौतुकाने बोलायचा.

"मॅडम, पेपर कठीण होता की मीच ढ आहे?"

आता ते सांगता येत नाही, असं ओठांवर आलं होतं. मग आठवलं, सकाळचा पेपर दादाच्या टेबलावर आहे, सारख्या प्रश्नांवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ते हिने सोडवले तर सकाळच्या मुलांशी ताडून पाहता येईल, क्लासवाल्यांना दाखवता येईल. मी तिला खुर्चीत बसवलं, पेपर पुढे ठेवला. तिने तो सावकाश वाचला. पेनाचं टोपण काही काढलं नाही.

"हे नको, मॅडम. सकाळच्या मैत्रिणींनी सगळे सांगितलेत मला. आता येणारच ना."

चहा टाकते म्हटलं, तर आई वाट बघत असेल म्हणाली. चपला घालताना थांबली.

"सर असते तर कळलं असतं ना?"

मी हो म्हटलं. तेवढंच मला खात्रीने सांगता येत होतं.