डाळिंबाच्या मातीतला नर

वरकुट्याला आमच्या माळावर एक डबकं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे तेव्हा कळप तिथंच पाण्यावर जायचा. पावसाळ्यात डबकं भरायचं आणि हिवाळा सरता सरता नुसती भेगाळलेली माती उरायची. त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढे, आरपार दिसणारे जीव पाय वर करून पोहायचे. आम्ही भावंडं त्यांना 'उताणे' म्हणायचो. प्राणिशास्त्र शिकले तेव्हा कळलं की त्यांना फेअरी श्रिंप म्हणतात आणि ते कोळंबीच्या लांबच्या नात्यातले आहेत. त्यांच्यात परीसारखं काहीही नाही. आमचंच नाव बरोबर आहे, हे मी बारामतीच्या कॉलेजात दर वर्षी वर्गाला ठासून सांगते.

एका पावसाळ्यात गावाकडून थोडे उताणे बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेले. माद्यांच्या अंड्यांची पिशवी नेहमीपेक्षा वेगळी, लांबट आणि टोकदार दिसली. पण या मंडळींची जात मादीवरून ठरत नाही. नराच्या डोक्यावर मादीला धरून ठेवायला कात्रीसारखा अवयव असतो आणि प्रत्येक जातीची कात्री निराळी. माझ्या बाटलीत एकजात माद्या! या विषयातल्या एका ज्येष्ठ बाईंना फोटो पाठवले. त्या म्हणाल्या, "फार पूर्वी एकदाच, इथून कितीतरी लांब सापडलेली जात असू शकते. पण नर दाखवल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

नर शोधायला गेले तोवर डबकं आटलं होतं. मला फारशी काळजी वाटली नाही. यांची अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षं निजून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. सुट्टीत सावकाश माती आणू, माती काय पळून जाते, असं म्हणत मी पेपर तपासत बसले.

उन्हाळ्यात गेले तर डबक्याच्या जागी शेततळं. काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, टापटीप. थोरला भाऊ छाती फुगवून काठावर उभा.

"कसं झालंय?"

"दादा, डबकं कुठाय?"

"ह्ये काय. आयता खड्डा हुता, खर्च निम्म्यावर आला."

"आणि माती? माती कुठं टाकली?"

उत्तर आबांनी दिलं. "टाकतोय कशाला? इतकी वर्सं मेंढरं बसली तितं. सोनं हाय ती. डाळिंबाला घातली."

मेंढरं बसलेल्या जागेची माती वाया घालवणं आमच्या घरात कुणाला सुचणारच नाही. दुसऱ्या कुणी ती बांधापलीकडे ढकलून दिली असती आणि माझं काम सोपं झालं असतं. आमच्या माणसांनी ती पाटी पाटी करून झाडांच्या बुडाशी घातली आणि वर ठिबकचं पाणी सोडलं. म्हणजे अंडी फुटली असणार आणि पिल्लं त्या ओलीतच मेली असणार. माझा तोल सुटला. "तुम्ही माझा जीव काढून झाडांना घातला," असं ओरडून मी ढसाढसा रडले आणि रागानं जेवलेही नाही. जिवंत नर मिळाला नाही तर ती जात आमच्या माळावर होती, हे मी कुणाला कधीच पटवू शकणार नव्हते. आणि ती आमच्याच हातानं संपली असती.

दुपारी दादा हळूच येऊन बसला. "वरच्या आंगच्या नव्या डाळिंबाच्या खड्ड्यास्नी अजून पाणी सोडलं न्हाय. रोपं यायचीत. माती तशीच सुकी हाय."

मी चप्पलसुद्धा न घालता पळाले. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली आणि इंदापूरला बारामतीच्या एसटीत चढवली. निमगाव केतकीला गाडी थांबली तेव्हा कंडक्टरनं गोणीला पाय लावून पाहिला.

"म्याडम, काय हाय यात?"

"माती."

"बारामतीला माती न्हाय व्हय?"

"अशी न्हाय," मी ताठ मानेनं म्हणाले.

कॉलेजात ती माती टबांमध्ये पसरून साठवलेलं पावसाचं पाणी ओतलं. पहिल्या टबात काहीच नाही. सहकारी विचारायचे, चिखलाची शेती कुठवर आली? मग दुसऱ्या टबात एका सकाळी पांढरे ठिपके हलताना दिसले. त्यांना यीस्ट चारत चारत मोठं केलं. एके दिवशी एकाच्या डोक्यावर कात्री आली.

सूक्ष्मदर्शकाखाली तिचं एक पातं लांब, मधेच वाकलेलं, बुडाशी दोन दात. त्या जातीच्या जुन्या चित्रात होतं तसंच. ही दुसरी एखादी साधी जात निघते का, म्हणून मी सगळ्या जवळच्या जातींशी ताडून पाहिलं. नाहीच निघाली. बाईंकडे नमुने पाठवले आणि त्यांचं उत्तर आलं: "तीच आहे." मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले. मेंढपाळाच्या घरातल्या मुलीनं, मेंढरांच्या पाण्यातून हे शोधून काढलं होतं. अभिमान वाटला, अजून वाटतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आबा पाहायला बारामतीला आले. बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले.

"आता ह्ये ऱ्हातंय कुठं?"

"या टबांत, आबा. दुसरीकडं कुठंच न्हाय."

निघताना ते म्हणाले, "उरलेली माती दे."

गावी बांधाकडेच्या मुरमाड तुकड्यात त्यांनी आणि दादानं कुदळीनं उथळ खड्डा खणला. कागद घातला नाही. तळाला ती माती पसरली. पावसानं तो भरल्यावर मला बोलावून घेतलं आणि दोघंही, दहावीचा निकाल लागायचा असल्यासारखे, माझ्या शेजारी उभे राहिले. मी पांढऱ्या वाडग्यात पाणी घेतलं. उताणे होते. माद्या होत्या.

"नर हाय का?" आबांनी विचारलं.

मी भिंग लावलं. नर होता.