ह्यांच्या तत्त्वाचा सत्कार

आमच्या ह्यांनी समाजमाध्यम सोडलं, तेव्हा धायरीत कुणाला पत्ताही लागला नाही. ह्यांना मात्र वाटलं होतं, निदान दूधवाला तरी विचारेल.

झालं होतं असं. आमच्या रस्त्यावरचा फूटपाथ एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनी पार झाकून गेला होता. ह्यांनी फोटो काढून, चार खरमरीत ओळी लिहून, अख्खं गाव ज्या ॲपवर असतं तिथे टाकल्या. दुसऱ्या दिवशी पोस्ट गायब. ‘आमच्या नियमांत बसत नाही’ एवढाच निरोप. कुठला नियम, तक्रार कुणाची, काही नाही. ह्यांनी पुन्हा टाकली, त्यांनी पुन्हा काढली आणि वर खातं गोठवलं. बायकांना घाणेरड्या शिव्या घालणारे तिथे सुखाने नांदत होते, ते वेगळंच. ह्यांचं म्हणणं खरं होतं, आणि मी तसं म्हणालेही. आमचा माणूस एकदा खरा ठरला की त्याला आवरणं कठीण, हे एवढ्या वर्षांच्या संसारात मला कळायला हवं होतं.

खातं परत मिळाल्यावर ह्यांनी लांबलचक निरोपाचा लेख टाकला आणि ते कायमचं बंद केलं. मग कुणी नावही न ऐकलेल्या एका ॲपवर स्वतःचा गट काढला. तिथे कुणाचंही काहीही काढलं जाणार नाही, हा एकच नियम. सभासद म्हणजे ह्यांच्याबरोबर सकाळी टेकडीवर फिरणारे निवृत्त लोक. हयातभर साहेबापुढे ब्र न काढलेली ही माणसं आता तिथे वाटेल ते बोलायला लागली.

आमची मुलगी त्या वेळी आमच्याकडे होती. लग्न मोडून आली होती. का मोडलं ते तिने मला अर्धंच सांगितलं, उरलेलं मी तिच्या दंडावर पाहिलं. दिवसभर आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करायची, खाली कोथिंबीर आणायलासुद्धा जायची नाही. बिल्डिंगमध्ये आम्ही ‘ऑफिसच्या कामासाठी आलीय’ असं सांगितलं होतं. अलीकडे ती पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली होती. मला दुसरं काही नको होतं.

गटात एक दिवस ह्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याला कुठल्याशा वादात निरुत्तर केलं. तो चिडला. त्याने लिहिलं, ‘ज्यांची मुलगी वर्षाच्या आत नवऱ्याला टाकून माहेरी येते, त्यांनी आम्हाला समाज शिकवू नये. टाळी एका हाताने वाजत नाही.’

मुलीच्या एका चुलतबहिणीने सासऱ्यांच्या फोनवर ते वाचून तत्परतेने तिला पाठवलं. मुलगी बाहेर आली आणि फोन ह्यांच्यासमोर धरला.

“बाबा, तेवढं काढून टाका.”

“मला काय बरं वाटलं असेल का गं? पण आज मी हे काढलं, तर त्या ॲपवाल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?”

“मी तुमची मुलगी आहे, हा फरक.”

“म्हणूनच काढता येत नाही.”

मी म्हणाले, “अहो, पुरे झाल्या लष्कराच्या भाकऱ्या. बोट दाबा आणि मोकळे व्हा.”

ह्यांनी बोटं चालवली, पण लिहायला. ‘माझ्या मुलीबद्दल लिहिलेलंही मी काढणार नाही’ असा एक निबंधच टाकला. ज्यांनी मूळ मजकूर वाचला नव्हता, तेही मुद्दाम शोधून वाचून आले. टाळ्यांच्या चित्रांची रांग लागली. ज्याने लिहिलं होतं, त्यानेही टाळी दिली.

पुण्यात टाळ्या वाजल्या की मागोमाग शाल येतेच. गटाने ह्यांचा सत्कार ठरवला. स्वारगेटजवळचं छोटं सभागृह घेतलं. अध्यक्षस्थानी तोच सहकारी, म्हणजे मतभेद असूनही मैत्री कशी टिकते ते लोकांना दिसावं. हे मुलीला म्हणाले, “तू आलीस, तर सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील.” तोंडंच बंद करायची होती, तर आधी का नाही केलीत, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली, “येते.” मी मूर्ख, मला वाटलं, तिने सोडून दिलं.

ह्यांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि मुलीबद्दल स्वतःच लिहिलेलं ते माईकवरून शब्दन् शब्द वाचून दाखवलं. ह्यांच्या मोठेपणाचा दाखला म्हणून. लोक माना डोलावत होते, मग एकेक जण वळून मुलीकडे बघायला लागला. हे हसत होते, नवरदेवासारखे. मला त्या वेळी ह्यांची किळस आली.

मुलगी उठून उभी राहिली. “मी ते घर का सोडलं, ते मीच सांगते. सगळे बोललेत, आता मला बोलू द्या.”

अध्यक्ष म्हणाले, “ताई, घरगुती विषय इथे नको.”

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. “बाबा?”

माईक ह्यांच्या हाताशीच होता. ह्यांनी शाल सावरली. “खाली बस. चारचौघांत शोभा करू नकोस.”

ती बसली नाही. सरळ बाहेर पडली. मी मागे धावले, तेव्हा ती रस्ता ओलांडून गेली होती. आता ती हिंजवडीला एका मैत्रिणीबरोबर राहते. मला फोन करते, मागून ह्यांचा आवाज आला की ठेवून देते.

हे रोज म्हणतात, “राग निवळला की येईल.” परवा जेवताना मी सांगून टाकलं, “नाही येणार. तिचा नवरा मारून झाल्यावर तिला हेच म्हणायचा, चारचौघांत शोभा करू नकोस.”